गोड पाण्याची सोयरीक

माझं शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा सांभाळून घ्यावं.

ग्रामपंचायत सदस्य म्हणून मला अमरावतीला प्रशिक्षणाला पाठवलं होतं. साहेब म्हणाले, "दोन-दोन पंचायतींनी जोडी जमवा, एकमेकींना शिकवा. ज्यांची जोडी जमेल त्यांनी उभं राहून सांगा. जोडी नाही, तर योजना नाही." चारचौघांत उभं राहून बोलायचं ऐकूनच मी पुढच्या बाईच्या पाठीआड सरकले.

शेजारी अकोल्याकडचे एक म्हातारे सदस्य होते. दुपट्ट्याने चष्मा पुसून, मुलगी पाहायला आल्यासारखं त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्या गावचं पाणी गोड हाये का?"

"हो."

"आमचं खारं. पण आमच्या पंचायतीत दाखला एका दिवसात भेटते. पटते का?"

"पटते," मी पुटपुटले.

"मंग उठा. गोड पाणी तुमचं, म्हंजे तुमी पोरीकडचे. पयले तुमालेच बोला लागते."

मी उठले आणि बोलून गेले, "साहेब, आमची सोयरीक जमली!"

सगळे हसले, पण साहेबांनी जोडी लिहून घेतली. म्हातारबुवांनी साखरपुड्याची साखर आणायला माझ्याकडूनच वीस रुपये उसने घेतले आणि सगळ्यांना चिमूट-चिमूट वाटली.

महिन्याने ते आमची पाण्याची टाकी पाहायला आले. तीन पेले पाणी प्याले, पण पैशाचं नाव नाही. शेवटी सगळ्या गावासमोर मीच म्हणाले, "व्याहीबुवा, माझे वीस रुपये?"

"आता कशा बोलल्या इहीनबाई!" म्हणत त्यांनी चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवलेली विसाची नोट माझ्या हातावर ठेवली.