न उलटलेलं अस्तर

तिला घरात आणि रक्ततपासणीच्या लॅबमध्ये सगळे भिंगरीच म्हणत. पन्नाशी आली तरी बाई एका जागी दोन मिनिटं टेकेल तर शपथ. चहासुद्धा उभ्यानं प्यायची, तोही फ्रिजचं तापमान वहीत लिहिता लिहिता. सव्वीस वर्षांत हात इतका हलका झाला होता की सुई टोचून झाल्यावर पोरं विचारायची, "कधी टोचणार?" स्वतःचं रक्त मात्र ती कुणाला काढू देत नसे. भीती वगैरे काही नव्हती. नंतर कापूस दाबून अर्धा तास बसावं लागायचं, आणि बसणं तेवढं तिला जमत नव्हतं.

हिचं रक्त थांबत नाही कारण ही बसत नाही, हे घरात लहानपणीच ठरून गेलं होतं. गुडघा फुटला की आई तिचं मनगट टॉवेलनं खाटेच्या पायाला बांधायची आणि ताईला राखणीला बसवायची. ताई हिच्या अगदी उलट, एकदा बसली की बसली. ही सुटायला धडपडली की पाठीत धपाटा घालायची. "हलू नकोस म्हटलं ना!"

आता त्याच ताईच्या पित्ताशयात खडे झाले होते. ती लॅब असलेल्या हॉस्पिटलातच, वरच्या मजल्यावर दाखल होती आणि उद्या सकाळी तिचं ऑपरेशन होतं. रक्त गोठण्याच्या तपासण्या भिंगरीनं स्वतः केल्या होत्या. सगळ्या नॉर्मल. तरी सकाळपासून तिच्या जिवाला चैन नव्हती.

त्यातच एका पेशंटची पेशींच्या आवरणाची चाचणी लावायची होती. रक्तातल्या पेशीचं आवरण चरबीचं आणि दुपदरी असतं. त्यातली एक चरबी पेशी कायम आतल्या पदरात ठेवते. चुकून बाहेर सरकली तर परत ओढून घेते. जखम झाली की मात्र प्लेटलेट्सना हे अस्तर उलटून बाहेर आणावं लागतं, कारण त्या चरबीवरच रक्त भराभर गोठतं. चाचणीत एक औषध घालून पेशींना मुद्दाम अस्तर उलटायला लावतात. बाहेर आलेल्या चरबीला रंग चिकटतो आणि यंत्राच्या पडद्यावर ठिपके चमकतात. पेशंटच्या जोडीला एका निरोगी माणसाचं रक्तही लावावं लागतं. ते नेहमी कारकून द्यायचा, पण तो तापानं घरी. भिंगरीनं चडफडत स्वतःचं काढलं.

पडदा काळाच राहिला.

"तुमचं औषध शिळं आहे!" तिनं विक्रेत्याला फोनवरच फैलावर घेतलं. लॅबच्या डॉक्टरबाईंनी शांतपणे बाही वर केली. "माझं लाव." त्याच बाटलीतलं औषध, तोच रंग, आणि डॉक्टरबाईंचं रक्त लख्ख चमकलं. भिंगरीनं आपलं पुन्हा लावलं. पुन्हा काळोख.

"अगं, कापूस लाल झालाय अजून. बस की जरा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मी बसत नाही ना मॅडम, म्हणून तर थांबत नाही..."

बोलता बोलता तिनं हातातल्या लाल कापसाकडे पाहिलं. ताईची अक्कलदाढ काढली होती, तेव्हा तीन दिवस उशीचे अभ्रे लाल होत होते. आणि ताई त्या तीन दिवसांत पलंगावरून हललीसुद्धा नव्हती.

म्हणजे हा दोष दोघी बहिणींच्या रक्तातच असला तर? गोठण्याच्या नेहमीच्या तपासणीत ती चरबी आपणच बाटलीतून नळीत घालतो. पेशीला ती बाहेर आणता येते की नाही, हे त्या तपासणीला कळणार कुठून? लिफ्टची वाट न बघता ती जिना चढत सुटली.

सर्जन वैतागले. "रिपोर्ट नॉर्मल आहेत. खाली सही तुमचीच आहे ना?"

"माझीच आहे, म्हणून तर सांगतेय. दोन तास द्या मला."

ताईनं डोळे वटारले. "झालं हिचं सुरू! काढ, किती रक्त हवंय ते काढ आणि जा."

ते दोन तास भिंगरीनं यंत्राभोवती फेऱ्या मारत काढले. ताईचा पडदाही काळाच निघाला. रक्त न थांबण्यात आपली कधीच चूक नव्हती याचं सुख मानावं, की उद्या टेबलावर ताईचं काय झालं असतं याला घाबरावं, हे तिला कळेना. ती टेबलाची कड धरून उभी राहिली. डॉक्टरबाईंनीच वर फोन लावला.

ऑपरेशन तीन आठवडे पुढे गेलं आणि दुसऱ्यांच्या प्लेटलेट्स आधी चढवून मगच झालं. दुसऱ्या दिवशी ताईच्या पोटावरची पट्टी कोरडी होती. भिंगरी खोलीत खिडकी उघड, पडदा सरकव, उशी थोपट असं करत होती.

"इकडे ये." ताईनं तिचं मनगट धरलं.

"बस म्हणणार असशील, तर आधीच सांगते..."

"नाही गं." ताईनं तिच्या मनगटावरून अंगठा फिरवला. "त्या टॉवेलची गाठ मी घट्ट करायचे. आई सैल बांधायची. तू रडायचीस ना, तेव्हा मला वाटायचं, नाटकं करतेय."

ताईनं मनगट सोडलं.

"जा, हिंड हवं तेवढं," ती म्हणाली, आणि तोंड भिंतीकडे वळवून रडायला लागली.