मी गाळलेली नावं

वकिली आणि पक्ष ही दोन्ही कामं मी तीसेक वर्षं एकाच काळ्या कोटात केली. सकाळी तालुक्याच्या कोर्टात बांधाचे आणि वाटणीचे दावे, दुपारी जीप काढून तेलगावकडे कुणाच्या तरी मयतीला, तिथून सिरसाळ्याला बैठकीला. घरी असलो की ओट्यापासून फाटकापर्यंत चकरा. बायको म्हणायची, "तुमी बसा तरी, न्हाईतर जा तरी." मला दोन्ही जमायचं नाही. लोकांना ते पुढाऱ्याचं लक्षण वाटायचं, आणि त्यांना तसं वाटतं याचं मला बरंही वाटायचं.

औरंगाबादहून वकिली शिकून आलो तेव्हा आमच्या भागात सहकारी साखर कारखाना काढायची धावपळ चालू होती. मला पक्षकार नव्हते, वेळ भरपूर होता. सायकलवर गावोगाव फिरून सभासद गोळा करायचं काम मी अंगावर घेतलं. माझ्याच वयाचा एक शेतकऱ्याचा मुलगा कधी मागे कॅरिअरवर बसायचा, चढ लागला की उतरून सायकल ढकलायचा. पुढे तो चेअरमन झाला आणि मी पक्षाचा तालुकाध्यक्ष. कारखान्याचे पोटनियमही मीच लिहिले, कारण फुकट लिहून देणारा दुसरा वकील नव्हता. मताच्या हक्काचा नियम मी दोनदा फाडला आणि तिसऱ्यांदा लिहिला. सलग ठरावीक हंगाम ऊस घातला नाही तर सभासदाचं मत थांबेल, हा त्याचा पहिला भाग. पाऊस न झाल्यामुळे ऊस लावता आला नसेल तर तो हंगाम मोजू नये, हा दुसरा. दुसरा भाग मी मुद्दाम घातला होता. आमच्याकडचं आभाळ मला माहीत होतं.

त्या फिरतीत शिरूर कासारकडच्या एका वस्तीवर गेलो होतो. कोरडवाहू रान, एक विहीर, विहिरीपुरता हिरवा तुकडा. घरधनी बैलांना कडबा टाकत राहिला. त्याची बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं विचारलं, "आमचा एवढासा ऊस. आमाला कारखान्यात कोण इचारणार?"

मी म्हणालो, "ज्याचा मळा मोठा त्याचं एक मत, तुमचंही एक मत. सहकार म्हणजे तेच."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "घ्या नाव." पुढे नवरा वारला, शेअर तिच्या नावावर झाला. आमच्या कारखान्याच्या सभासदांत बाया थोड्याच होत्या. वार्षिक सभेला ती यायची, मागे बसायची, भाषण संपायच्या आत उठून जायची.

मग पाऊस हटला. एक साल गेलं, दुसरं गेलं, तिसऱ्या सालीही पोळ्यापर्यंत ओढ्याला पाणी नव्हतं. कालव्याखालच्या थोड्या गावांत ऊस राहिला, बाकी सगळीकडे तुराट्या. ज्यांनी कारखान्याला ऊस घातला होता, तीच माणसं कोयता घेऊन दुसऱ्या जिल्ह्यांतला ऊस तोडायला जाऊ लागली. त्यात कारखान्याची निवडणूक आली आणि कोरड्या गावांनी मिळून चेअरमनच्या विरोधात पॅनल उभं करायचं ठरवलं.

चेअरमननं मला बोलावून घेतलं. मी खिडकीजवळ उभा होतो.

"बस की रं वकील," तो म्हणाला. "यादी बगितली का? निम्म्या नावांनी तीन वर्षांत एक कांडकं घातलं न्हाई."

"पाणी न्हाई तर घालतील कुठून?"

"ते मला इचारू नको. नियम तू लिव्हलाय. नियम काय म्हणतो?"

मी त्याला दुसऱ्या भागाची आठवण करून दिली. तो हसला नाही, चिडलाही नाही. नुसता म्हणाला, "पोटनियम कोण वाचतंय? तू वाचशील तेवढाच नियम." आणि मग विधानसभेच्या तिकिटाचा विषय काढला. दोनदा माझं नाव मुंबईपर्यंत जाऊन परत आलं होतं. या वेळी वरच्यांना माझ्याबद्दल बोलायचं चेअरमनच्या हातात होतं. मला ते तिकीट हवं होतं. किती हवं होतं ते आज लिहितानाही अवघड वाटतं. जीपमध्ये बसून एकटाच विधानसभेतलं भाषण म्हणायचो, इतकं हवं होतं.

नावं गाळली गेली. बहुतेकांना कळलंही नाही. चाळीस-बेचाळीस जणांनी हरकत घेतली, त्यात ती बाई होती. सुनावणी बीडला सहकार खात्याच्या अधिकाऱ्यापुढे झाली. कारखान्याचा वकील मीच होतो. हरकतदारांचा वकील नवीन होता, पोटनियमांची प्रत त्याला मिळाली नव्हती. छापील पुस्तिका संपल्या, असं कारखान्याच्या ऑफिसनं त्याला सांगितलं होतं. मला ते माहीत होतं.

बाईनं स्वतःच बोलायची परवानगी मागितली. मधल्या काळात ती थकली होती, पण आवाज तोच. "साहेब, मी ऊस घातला न्हाई, हे खरं हाय. हिरीला पाणी न्हाई. मी गेलते तोडायला. उसातच व्हते की तीन वर्सं. आता माझं नाव कावून काढलं ते मला वकीलसाहेबांनी सांगावं. नाव त्यांनीच घेतलंतं."

अधिकारी माझ्याकडे वळले. मी उभा राहिलो आणि नियमाचा पहिला भाग वाचला. वाचून थांबलो.

"एवढंच आहे ना?" त्यांनी विचारलं.

"या मुद्द्यापुरतं एवढंच, साहेब."

त्यांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. माझी तिथली इतक्या वर्षांची पत अशी होती की मी सांगितल्यावर कुणी पान उलटून पाहत नसे. हरकती फेटाळल्या गेल्या. बाहेर पायरीवर ती उभी होती. मी बाहेर आलो तशी ती एस.टी. स्टँडच्या दिशेनं चालायला लागली.

नंतरचे तीन महिने मी कुठे टिकलो नाही. कोर्टात उलटतपासणी घेताना मध्येच प्रश्न विसरायचो. पक्षाच्या बैठकीतून उठून बाहेर यायचो आणि बाहेर आल्यावर वाटायचं, आत काहीतरी ठरतंय. जेवताना बायकोनं एकदा विचारलं, "काय झालंय?" मी म्हणालो, काही नाही, दुष्काळ आहे. ती म्हणाली, "दुष्काळ तर तीन वर्सं झाली हाय. तुमाला आत्ता लागला का?" मी ताटावरून उठलो.

चारा छावण्यांची पाहणी करायला म्हणून शिरूरकडे गेलो आणि जीप त्या वस्तीकडे वळवली. घराला कुलूप होतं. शेजारी एक म्हातारा शेळीला बाभळीचा पाला घालत होता. तो म्हणाला, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच तोडणीची टोळी गेली. पाडव्याशिवाय येत न्हाईत." टोळी नेणाऱ्या मुकादमाचं नाव आणि टोळी ज्या कारखान्याला गेली त्याचं गाव त्यानं सांगितलं. निवडणूक माघात होती. म्हणजे ज्यांची नावं शाबूत होती, त्यातलेही कितीतरी मतदानाला नसणार होते. तारीख ठरवताना मी बैठकीत हजर होतो. तेव्हा हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, की येऊनही मी ते बाजूला सारलं होतं, मला अजून सांगता येत नाही.

चौथ्या दिवशी मी त्या गावाला गेलो. सहा-सात तासांचा रस्ता. फडात दुपारचं ऊन होतं, ती मोळ्या बांधत होती. मला पाहून तिनं हात थांबवला नाही.

"वकीलसाहेब, हिकडं मतं मागाय आले का?"

"न्हाई. तुमच्या नावाचं बोलायला आलोय."

"बोला की. मी आयकतीय." तिनं उसाच्या वाढ्याचा, शेंड्याच्या पानांचा, पीळ मारून मोळी आवळली.

मी तिला नियमाचा दुसरा भाग सांगितला. साध्या भाषेत, पाऊस नसला तर साल मोजायचं नाही, असा. तिचे हात तेव्हा थांबले.

"हे बीडला ठाऊक व्हतं तुमाला?"

"व्हतं. मीच लिव्हलंय ते."

पलीकडून मुकादमानं हाक दिली तेव्हा तिनं वाकून पुढची मोळी उचलली. "मग आता माझ्याकडं कशाला आलात? मी कुठं अधिकारी हाय?"

एवढंच झालं. रागावली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, इतक्या वर्षांत उत्तरं देणंच केलं होतं. परतताना मी दोनदा गाडी थांबवली आणि नुसता रस्त्याच्या कडेला चालत राहिलो.

तिचं वकीलपत्र मी घेऊ शकत नव्हतो. ज्या कामात एका बाजूनं उभा राहिलो, त्याच कामात दुसऱ्या बाजूनं उभं राहता येत नाही. पण ज्या अधिकाऱ्यापुढे मी अर्धं वाचलं होतं, त्याला उरलेलं अर्धं सांगणं मला कुणी अडवू शकत नव्हतं. मी माझ्या हातानं पत्र लिहिलं. सुनावणीत मी वाचलेला पोटनियम अपुरा होता, संपूर्ण मजकूर सोबत जोडला आहे, तो मला तेव्हाही माहीत होता. शेवटचं वाक्य लिहून खोडलं, परत लिहिलं. पत्राची एक प्रत हरकतदारांच्या वकिलाला, एक चेअरमनला, आणि सोबत कारखान्याच्या कामाचा माझा राजीनामा.

चेअरमन माझ्या घरी आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो आधी निरोप न देता आला. ओट्यावरच उभा राहिला.

"वेडा झालास का?"

"तसं समज."

"तिकीट गेलं तुझं. अध्यक्षपद पण राहत न्हाई, हे मी न बोलता होतंय."

"म्हाईत हाय."

"आन् मिळालं काय?"

बायको आतून चहा घेऊन आली. त्यानं कप घेतला, चहा पूर्ण प्याला, कप धुतलेल्या फरशीवर हळूच ठेवला आणि गेला. पंधरवड्यात पक्षानं नवा अध्यक्ष नेमला. बाररूममध्ये मी आलो की बोलणं हवामानावर यायचं. स्वतःच्याच पक्षकाराविरुद्ध पत्र लिहिणाऱ्याकडे कोण जाणार? माझे पक्षकार निम्म्यावर आले. काहींनी फायली परत मागताना पाया पडून मागितल्या, ते जास्त लागलं.

पत्रामुळे निवडणूक पुढे गेली आणि हरकतींची सुनावणी परत झाली. हरकत घेतलेल्यांची नावं यादीत परत आली. ज्यांनी हरकत घेतलीच नव्हती, त्या शेकडो जणांची नावं तशीच बाहेर राहिली. मुदत संपली होती. मी वर अर्ज करून पाहिला. मुदत संपली आहे, असंच उत्तर आलं, आणि कायद्यानं ते बरोबर होतं.

मतदान भर उन्हाळ्यात झालं. टोळ्या परतल्या होत्या. शाळेच्या आवारात मी लिंबाखाली उभा होतो, कुठल्याच पॅनलच्या मांडवात मला जागा नव्हती. दुपारी ती आली. मत देऊन बाहेर पडली आणि थेट माझ्याकडे आली.

"दिलं मत," ती म्हणाली.

"बरं झालं."

"चेअरमनलाच दिलं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "कावून?"

"माझं नाव काढलंतं तवा मी त्येच्याकडं गेलते, बीडला यायच्या आदी. त्यो तोंडावर म्हणला, बाई, तू दुसऱ्या पॅनलवाल्यांची, तुझं नाव मी ठिवत न्हाई. खोटं न्हाई बोलला. आन् औंदा वस्तीवर टँकर आला, त्यो बी त्येच्याच चिठ्ठीवर. तुमचा कागद आला, त्येनं नाव आलं. ते मी इसरत न्हाई. पण लेकरं टँकरचं पाणी पितेत, वकीलसाहेब."

मी तिला विरोधी पॅनलबद्दल काहीतरी सांगायला लागलो, सवयीनं. तिनं ऐकून घेतलं, पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली, "चलते. गाडी भरून निघाली तर परत चालत जावं लागंल." बाया टेम्पोत चढत होत्या. एकीनं हात दिला, ती वर गेली.

चेअरमनचं पॅनल आरामात निवडून आलं. तिचं आणि त्या चाळिसांचं मत असतं-नसतं, निकाल तोच राहिला असता. त्यापुढच्या हंगामात ऊसच नव्हता, बॉयलर पेटला नाही. चेअरमन आणि मी नंतर एका लग्नात समोरासमोर आलो. त्यानं मला शेजारी बसायला जागा केली. आम्ही मुलींच्या शिक्षणाचं, गुडघ्यांचं बोललो.

मी अजून कोर्टात जातो. आता बहुतेक कामं बायांची असतात, वारसाची, सातबाऱ्यावर नाव लावायची. त्या का येतात मला माहीत नाही, मी विचारत नाही. परवा एकीला मी नियम वाचून दाखवला. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "झालं का?" मी कागद तिच्यासमोर ठेवला आणि तिच्या शाळेत जाणाऱ्या नातीला म्हणालो, तू परत एकदा वाच, सगळा.