बांधाखालचा पाइप

माझं काम सांगितलं की गावात लोक हसतात. युरोपातल्या दोन देशांमध्ये समुद्राच्या तळातून विजेची केबल टाकायची, म्हणजे एकाकडे वीज कमी पडली की दुसऱ्यानं द्यायची. त्या कामावर मी इंजिनिअर आहे. याच देशांनी एकेकाळी एकमेकांची शहरं जाळली होती. आता त्यांची माणसं एका टेबलाशी बसून कॉफी पितात आणि कुणाच्या हद्दीत कोण खोदणार ते ठरवतात.

आणि इथे आमच्या गावी, पालीच्या रानात, माझ्या सख्ख्या थोरल्या काकांनी बाबांच्या बागेला पाणी नेणारा, बांधाखालचा एक पाइप उपटून टाकला. विहीर सामाईक, पण वाटणीत त्यांच्या शेतात गेलेली. वाटणीच्या वेळी दोघा भावांत शब्दाला शब्द लागला आणि बोलणंच तुटलं. बांधाच्या अलीकडे बाबांची मोसंबीची बाग तहानलेली राहिली. ती जगावी, एवढंच बाबांना हवं होतं.

मागच्या सुट्टीत मी मोठ्या तोऱ्यात मध्यस्थीला निघाले. आमच्या कामाचा रिवाज असा की पहिली बैठक कुणाच्याच दारात नको, तिसऱ्या जागी हवी. म्हणून दोघांना बीडला एका हॉटेलात चहाला बोलावलं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. काका आलेच नाहीत. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले, तर ते ओसरीवर पाठ फिरवून बसलेले.

"सख्ख्या भावाला हाटेलात बोलवतेत व्हय? त्याला म्हनावं, घरी ये. पाइप काय, समदी इहिर घे."

घरी येऊन मी हे सांगितलं, ते बाबांनी शर्टाची बटणं काढता काढता ऐकलं. "मी कावून जाऊ? उपटला त्यानं, त्यानंच यावं," म्हणाले. दोन घरांच्या मधे एक गल्ली, तीही अरुंद. दोघांपुढे मी हात टेकले आणि सुट्टी संपल्यावर परत गेले.

उन्हाळ्यात बाग वाळली. बाबांनी झाडं तोडली आणि रानात जाणंच सोडलं. दिवाळीच्या आधी छातीत दुखायचं निमित्त झालं नि ते गेले.

मी पोचले तेव्हा आमच्या ओट्यावर काका बसले होते. कुणी न बोलावता आले होते. "रोज वाट बगितली, बाई. दार उगडं ठेवलतं," म्हणाले. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्यांच्याच खांद्यावर डोकं ठेवून मी रडले.

परवा आमची केबल सुरू झाली. ऑफिसात टाळ्या वाजत होत्या तेवढ्यात काकांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी बांधाखालून नवा पाइप टाकला होता. बाबांच्या उघड्या रानात, तोडलेल्या खोडांभोवती पाणी पसरत होतं. काकांनी फोन तोंडाजवळ धरला.

"बाई, तुज्या बापानं मोसंबीची कलमं कुठून आनलती? तिथूनच आनून लावतो."

मला सांगता येईना. ते फक्त बाबांनाच माहीत होतं.