'नको'चं भाषांतर

रिस्टिन उत्तर नॉर्वेतल्या आमच्या फ्योर्डवरच्या, म्हणजे डोंगरांमधल्या खाडीवरच्या, शाळेत सामी ही इथल्या रेनडियर पाळणाऱ्या मूळ लोकांची भाषा शिकवायची. निवृत्त झाल्यावर ती सरकारी बैठकांना दुभाषी म्हणून जाऊ लागली. मी तिची शेजारीण, बऱ्याचदा सोबत जायचे.

एका कंपनीला आमच्या डोंगरावर एकतीस पवनचक्क्या उभारायच्या होत्या. कायद्याने रेनडियरवाल्यांशी विचारविनिमय करणं भाग होतं, म्हणून मंत्रालयाची माणसं आली. रेनडियरवाल्यांतर्फे बोलणारा हेइका हा रिस्टिनचा थोरला भाऊ. बर्फावरच्या स्नोस्कूटरच्या आवाजाने त्याचे कान अर्धे गेलेले. नॉर्वेजियन कामापुरतं यायचं, पण सरकारपुढे तो हट्टाने सामीच बोलायचा.

"त्या उतारावर आमच्या माद्या मे महिन्यात वितात," तो म्हणाला. "तिथे एकही चक्की नको. कमी-जास्त काही नाही. नको."

रिस्टिनने शब्दाला शब्द सांगितला. मंत्रालयाच्या अधिकारी बाईंनी मान डोलावून लिहून घेतलं.

पंधरा दिवसांनी बैठकीचं इतिवृत्त आलं. हेइका ते घेऊन तिच्या स्वयंपाकघरात आला. मी तिथेच होते.

"यात लिहिलंय, आम्हाला चक्क्या कमी हव्यात. काय सांगितलंस तू त्यांना?"

"तू बोललास तेच."

"मग 'नको'चं 'कमी' कुणी केलं? मला कुठे नीट ऐकू येतं? मी तुझ्या भरवशावर बसलो होतो."

"हेइका, मी कशाला बदलीन?"

"तुला बोलावतं कोण? मंत्रालयच ना? बैठकीत कॉफीबरोबर वॅफल खायला दिल्याचं मात्र बरोब्बर लिहिलंय."

तो कॉफी न पिता गेला.

रिस्टिनने दुरुस्तीचं पत्र पाठवलं. अधिकारी बाईंचा फोन आला, अगदी गोड आवाजात. "तुमचं पत्र परिशिष्टात जोडलंय."

"परिशिष्ट कोण वाचतं?"

"ज्यांना हवं ते वाचतात."

दुसऱ्या बैठकीत कुणी बोलायच्या आत रिस्टिन उभी राहिली आणि तिने ते इतिवृत्त सामीत मोठ्याने वाचून दाखवलं.

"दुभाष्याने स्वतःचं मत मांडू नये," बाई म्हणाल्या.

"मत नाही. तुम्ही लिहिलंय तेच वाचतेय."

हेइका खिडकीबाहेर बघत होता. त्यातलं किती त्याच्या कानात शिरलं, कोण जाणे. तिसऱ्या बैठकीला दुसराच दुभाषी आला.

परवानगी निघाली. त्यात लिहिलं होतं, तीन बैठका झाल्या, आणि रेनडियरवाल्यांच्या विनंतीवरून सात चक्क्या कमी केल्या. उरलेल्या चोवीस उभ्या राहिल्या. पुढच्या मे महिन्यात माद्या त्या उताराकडे फिरकल्याच नाहीत. खालच्या घळीत, ओल्या बर्फात व्यायल्या. निम्मी पिल्लं गेली.

हेइका बहिणीशी पुन्हा बोलला नाही. हिवाळ्यात त्याच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरचं बोलणं कळण्याइतकं नॉर्वेजियन त्याला येत नव्हतं, दुभाषी लागणार होता, तेव्हा त्याने शेजारच्या जिल्ह्यातला माणूस मागवला. रिस्टिन दोन तास इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून होती. दार उघडलं, तो परका दुभाषी बाहेर आला आणि तिला ओळखून म्हणाला, "ते म्हणतात, तुम्ही घरी जा."

"त्यांनी नेमकं काय म्हटलं?" तिने विचारलं.

तो जरा घुटमळला. "'नको' म्हणाले."