सोललेली संत्री

भटारखान्यात सगळे त्यांना तोंडावर ‘शेफ’ म्हणत आणि पाठ वळली की ‘कुलूपराव’. हे नाव ठेवलं भांडी घासणाऱ्या मावशींनी, आणि ते चिकटलंही असं, की एकदा मालाच्या पावतीवर पुरवठेवाल्याने तेच लिहून आणलं. कुलूपरावांनी पावती वाचली, घडी करून खिशात घातली आणि पुरवठेवाला बदलला.

नाव खोटं नव्हतं. सामानाच्या खोलीला कुलूप, मसाल्यांच्या कपाटाला कुलूप इथवर ठीक आहे, पण यांच्याकडे कचऱ्याच्या डब्यालाही कुलूप होतं. सॉसचा कचरा तर ते रोज पिशवीत बांधून स्वतःच्या गाडीतून घरी नेत. बायको म्हणायची, “लोकांचे नवरे घरी मिठाई आणतात, माझा कांद्याची सालं आणतो.” वर आणखी दिशाभूल म्हणून ते हॉटेलच्या डब्यात मुद्दाम बिटाची सालं टाकत. सॉसमध्ये बीट औषधालाही नव्हतं.

या सॉसवरच तर सगळा डोलारा उभा होता. भाजलेला कांदा, हाडं आणि आणखी काहीतरी, असा तो तपकिरी, दाट सॉस. त्याच्यासाठी लोक महिनाभर आधी टेबल राखून ठेवत. त्याच्यासाठीच त्यांना दोनदा देशातल्या उत्तम शेफचा पुरस्कार मिळाला होता. दुसऱ्यांदा तर मागच्याच महिन्यात. पितळी पाटी दाराशी लावली होती, चार स्क्रूंऐवजी आठ स्क्रू मारून.

आता माणूस एवढा संशयी का, असं कुणी विचारलं तर उत्तर जुनंच आहे: चोराच्या मनात चांदणं. कुलूपरावांनी हा सॉस स्वतः चोरला होता.

विसाव्या वर्षी, शिक्षणात राम नाही म्हणून वडिलांनी त्यांना एका मोठ्या हॉटेलात भांडी घासायला लावलं. तिथले मुख्य आचारी, मास्तर, हा सॉस दार लावून करत. सांगायचे कुणालाच नाहीत. पण डबे रिकामे करायचं काम यांच्याकडे होतं. कुलूपराव कचरा वाचायला शिकले. कांद्याची किती सालं, कुठली हाडं, किती जळलेलं खरवडलेलं. तरी दोन वर्षं एक चव हाती लागेना. मग एक दिवस ध्यानात आलं, की कचऱ्यात काय आहे ते बघून भागत नाही, काय नाही तेही बघायला हवं. मास्तर रोज दुपारी पाच सोललेली संत्री आणून यांच्यापुढे ठेवत, “खा,” म्हणत आणि निघून जात. संत्री पाच, आणि डब्यात सालीचा तुकडा नाही. साल जात होती कुठे? तव्यावर जळून सॉसमध्ये.

त्या हुशारीवर त्यांनी पुढची तीस वर्षं काढली. आधी दुसऱ्याच्या हॉटेलात, मग स्वतःच्या. मास्तर वारले तेव्हा ते अंत्ययात्रेला गेले, पण मागेच उभे राहिले. कुणी काही विचारेल अशी धास्ती होती. कुणी विचारलं नाही. खरं तर कुणी ओळखलंही नाही, आणि याचंही त्यांना वाईट वाटलं.

हल्ली त्यांच्या मनात पाल चुकचुकत होती ती भाचीवरून. ही त्यांच्या ताईची मुलगी. सहा वर्षांपासून त्यांच्या हाताखाली, आता दोन नंबरची शेफ. घरी ‘मामा’, भटारखान्यात ‘शेफ’, दोन्हींत कधी गल्लत न करणारी. हात चांगला, बोलणं मोजकं. कुलूपरावांच्या मते मोजकं बोलणारा माणूस काहीतरी मोजत असतो.

समोरच्या फुटपाथवर नवं हॉटेल उघडत होतं. त्याच्या मालकाशी भाची दहा मिनिटं बोलताना त्यांनी खिडकीतून पाहिली. विचारलं तर म्हणाली, “ओळखीचे आहेत.” ओळखीच्या माणसाशी बोलताना कुणी तीनदा नकारार्थी मान हलवतं का? नक्कीच भावावरून घासाघीस चालली असणार.

त्या दिवसापासून ते डोळ्यांत तेल घालून बसले. सकाळी सॉस झाला की ते पातेल्यात लाकडी पळी उभी धरत आणि सॉस जिथवर येई तिथे सुरीने बारीक खूण करत. सॉस फक्त रात्रीच्या जेवणाला वाढला जाई, आणि दुपारी तीन ते पाच भटारखाना बंद. पाचला येऊन पुन्हा पळी बुडवायची. सॉस कमी झाला असेल तर चोर घरातला.

सॉस कमी झाला नव्हता. बोटभर वाढला होता.

दुसऱ्या दिवशीही वाढला, तिसऱ्या दिवशीही. कुलूपराव चक्रावले. चोर येतो आणि ठेवून जातो, हा कुठला प्रकार? मग त्यांना घाम फुटला. कुणी चोरत नाही, कुणी बिघडवतंय. समोरचं हॉटेल उघडायच्या आत यांच्या सॉसचं नाव घालवायचं, म्हणजे गिऱ्हाईक आपोआप रस्ता ओलांडेल.

चौथ्या दिवशी तीन वाजता ते सगळ्यांदेखत गाडीत बसले, कोपऱ्यावर उतरले आणि मागच्या दाराने येऊन सामानाच्या खोलीत बटाट्यांच्या पोत्यांमागे बसले. पुरस्कारविजेता शेफ स्वतःच्याच बटाट्यांमागे, गुडघे छातीशी घेऊन. साडेतीनला भाची आली, तिच्यामागून मावशी. तिने पातेल्याचं झाकण काढलं, चमचाभर सॉस चाखला आणि डोळे मिटून घेतले. मग शीतपेटीतून एक बरणी काढून ओतली, ढवळलं, चाखलं. पुन्हा थोडं ओतलं. शेवटी तव्यावर काहीतरी जाळून टाकलं. तो वास कुलूपरावांना यायला हवा होता. खोली हाकेच्या अंतरावर होती, दार अर्धं उघडं होतं. पण त्या घटकेला रागापुढे त्यांना ते सुचलं नाही.

“किती दिवस चाललंय हे?” ते दारात येऊन म्हणाले. कोटाला बटाट्यांची माती होती.

भाची दचकली, पण पळी खाली ठेवली नाही. “आठ महिने.”

“काय ओतलंस?”

“हाडं उकळून काढलेलं पाणी. बिनमिठाचं.”

“का?”

ती पुन्हा सॉस ढवळू लागली. कोपऱ्यात मावशी कढई पुसत होत्या. त्यांनी कढई ठेवली आणि म्हणाल्या, “सांग आता. नाहीतर मी सांगते.”

“शेफ, तुम्हाला तो मोठा ताप आला होता ना,” भाची म्हणाली, “तेव्हापासून मीठ जास्त पडतंय. दुप्पट. ताटं परत यायला लागली होती, सॉस तसाच. मावशींनी पहिल्यांदा दाखवलं. मग मी वाढप्यांना सांगितलं, शेफना बोलू नका.”

“खोटं आहे. तू समोरच्याला—”

“समोरच्यांनी विचारलं होतं. मी नाही म्हटलं. तीनदा.”

कुलूपराव सहजासहजी मानणारे नव्हते. त्यांनी मावशींना तीन वाट्या भरायला लावल्या: एकीत दुरुस्त केलेला सॉस, एकीत त्यांचा स्वतःचा, सकाळचा वेगळा काढून ठेवलेला, आणि तिसरीत मावशींच्या मनाला येईल ते. भाचीला पाठ करून उभं केलं, खूण नको म्हणून. मग डोळे मिटून त्यांनी पहिला चमचा तोंडात घेतला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. तिन्हींत त्यांना फक्त ऊब लागली. जिभेच्या कडेला काहीतरी खारट असावं, असं वाटलं आणि गेलं. तिसरी वाटी त्यांनी नाकाशी धरली, बराच वेळ.

“मधली माझी,” ते म्हणाले.

मावशी कढईकडे बघत म्हणाल्या, “मधल्या वाटीत मी चहात कणीक शिजवून ओतलीय, शेफ.”

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते त्यांना त्या दिवशी कळलं. ते बसले. आठ महिने सॉस चाखून ‘झकास’ म्हणत होते, ते निव्वळ सवयीने. आणि मागच्या महिन्यात परीक्षक येऊन खाऊन गेले, दाराशी आठ स्क्रूंवर जी पाटी लागली, ती या पोरीच्या सॉसची होती. त्यांना लाज वाटली, आणि लाजेच्या आतही एक संशय वळवळत होताच. तव्याला चिकटलेला काळा तुकडा त्यांना ओळखू आला.

“साल जाळलीस आत्ता. संत्र्याची. तुला कुणी सांगितलं? मी जन्मात कुणाला बोललो नाही.”

भाची पहिल्यांदा हसली. “मामा,” ती म्हणाली, आणि भटारखान्यात हा शब्द पहिल्यांदाच आला, “तुम्ही कचरा घरी न्यायचात, त्याच्यासोबत सोललेली संत्री असायची. मामी आमच्याकडे पाठवायची. मी अकरा वर्षांची असल्यापासून खातेय. रोज पाच संत्री, आणि साल कधीच नाही. एकदा आईला विचारलंसुद्धा, मामा सालं खातात का?”

“अकरा वर्षांची असल्यापासून माहीत आहे?”

“हो.”

“आणि कुणाला…”

“नाही.”

त्यांना मास्तर आठवत होते, हातात पाच सोललेली संत्री घेऊन उभे. मास्तरांना संत्री फेकता आली असती. स्वतः खाता आली असती. एवढ्या मोठ्या भटारखान्यात ती रोज नेमकी यांच्याच पुढे येत होती, दोन वर्षं, एक दिवस न चुकता. आपण तीस वर्षं ज्याला चोरी समजत आलो ती चोरी होती का, असा संशय त्यांना आला, आणि हा एक संशय काही केल्या जाईना. अंत्ययात्रेत पुढे जायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूपरावांनी पाच संत्री आणि सुरी भाचीपुढे ठेवली. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून ओट्यावर ठेवला. सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं, मावशींनाही, आणि दार आतून लावलं.

“साल पातळ काढायची,” ते म्हणाले. “पांढरं आलं की सॉस कडू होतो.”

“माहीत आहे, मामा.”

“तुला माहीत आहे ते मलाही माहीत आहे. तरी सांगू दे.”