लेकीला दिलेला ड्रम

धावपट्टी म्हणजे काय, तर पाटाच्या अंगाला मुरूम दाबून केलेली सरळ सपाट वाट, टोकाला बांबूवर फुगणारी वाऱ्याची पिशवी आणि पत्र्याची एक शेड. उसावर औषध फवारायला कारखान्यानं विमान बोलवायचं ठरवलं आणि ही जागा गावाकडं मागितली. गावानं ती सुखासुखी दिली नाही. पट्टीचे साहेब आबासाहेब चावडीवर उभे राहिले आणि शब्द देऊन बसले, की औषधाचा रिकामा ड्रम शिवारात जाणार नाही, तो धुतलेलं पाणी पाटात पडणार नाही. प्रत्येक ड्रमाला पहारीनं भोकं पाडून तो खड्ड्यात पुरला जाईल.

साहेबांनी शब्द दिला आणि पहार आसारामच्या हातात आली. तो पट्टीचा राखणदार. विमान उतरायच्या आधी गुरं हाकलायची, पट्टीकडेचं गवत कापायचं, मेलेलं कुत्रं-मांजर लांब नेऊन पुरायचं, म्हणजे त्यावर घारी जमून विमानाच्या वाटेत येत नाहीत. ही सगळी कामं तो जीव लावून करायचा. टिटवीनं कडेला अंडी घातली तर चार काटक्या रोवून खूण करायचा, गवत कापताना विळा लागू नये म्हणून. एका ड्रम फोडायच्या कामाशी मात्र त्याचं कधी जमलं नाही.

बहात्तर साल होतं. पाऊस दडी मारून बसला होता. पाटाखालचा ऊस तेवढा तग धरून होता, बाकी शिवार उघडं पडलेलं. घरोघर पाणी साठवायला भांडं नव्हतं, आणि हा माणूस नवेकोरे, जाड पत्र्याचे ड्रम फोडत होता.

"आसाराम, अजून किती पाप करनार हायेस?" शेजारची साळूबाई कुंपणाबाहेरून विचारायची. "हातातली पहार माज्या डोक्यात घातलीस तरी एवढं वाईट दिसनार न्हाई."

"साहेबाचा हुकूम हाय, वैनी."

"साहेबाच्या घरी नळ हाय."

आसाराम पुढचा ड्रम आडवा करायचा.

त्याची एकुलती लेक पुष्पावती पाथर्डीच्या अंगाला दिलेली होती. श्रावणात तो तिच्याकडे जाऊन आला, तेव्हा पोरीनं पदर सावरला आणि त्याला दिसलं, की चुंबळीखालचे केस झिजून टाळूला टक्कल पडलंय. दीड कोसावरून दिवसाला तीन खेपा. टँकर आठवड्यातून एकदा यायचा, तेव्हाही घरात दोन हंडे आणि एक फुटका रांजण. पोर हसून म्हणाली, "दादा, पानी येतंया, पर ठिवायचं कशात?"

ते वाक्य त्याच्या कानातून जाईना.

दिवाळीच्या तोंडावर त्यानं एक ड्रम खड्ड्यात टाकला नाही. शेडमागं नेला. राखेनं घासला, सोड्यानं घासला, चिंचेच्या कोळानं घासला. सात पाणी धुतला. सातव्या पाण्याला वाससुद्धा उरला नव्हता. त्यानं तीनतीनदा तोंड आत घालून पाहिलं. पहिली सहा पाणी खड्ड्यात ओतली, सातवं बोरीच्या झुडपाबुडी. पाटात नाही, याचं त्याला समाधान वाटलं. मग मंगळवारी ड्रम एसटीच्या टपावर बांधला.

"काय मामा, वरात हाय का कुनाची?" कंडक्टर म्हणाला.

"लेकीची दिवाळी हाय," आसाराम म्हणाला. पाथर्डीला जावई उतरवून घेणार होता. सोबत निरोप दिला, रविवारी मी स्वतः येतो.

गुरुवारी सकाळी तो गवत कापायला बोरीकडे गेला. झुडपाबुडी खोलगट जागा होती, तिथं सातवं पाणी साचून राहिलं होतं. त्याच्या कडेला पाच होले पडलेले. चोची उघड्या, पंख पसरलेले. पाटाची पाळी संपलेली, उन्हातान्हात कुठं थेंब मिळेना म्हणून बिचारे तिथं उतरले असतील. आसाराम खाली बसला. एक उचलून पाहिला. अंग अजून ऊन होतं.

सातवं पाणी. जे त्यानं चांगलं म्हणून सोडून दिलं होतं, ते.

विळा तिथंच राहिला. शेडमधली पहार तेवढी त्यानं उचलली आणि थेट रस्ता धरला. नगरला गाडी थांबली तेव्हा लोक पहारीकडे बघत होते. गाडी घाट चढत होती आणि त्याच्या डोळ्यांपुढं एकच दिसत होतं, दीड वर्षाची नात गडवा तोंडाला लावतेय. टँकर बुधवारचा की गुरुवारचा, हे त्याला काही केल्या आठवेना.

फाट्यावरून तो जवळजवळ पळतच गेला. अंगणात ड्रम उभा होता. त्याला हळदीकुंकू लावलेलं, वर धुतलेलं फडकं बांधलेलं. काठोकाठ भरलेला असणार, कारण बुडाशी ओल होती, आणि त्या ओलीत बसून नात चिखलाचे गोळे करत होती.

त्यानं पोर उचललं. तिची बोटं, तोंड, सगळं आपल्या धोतरानं खसाखसा पुसलं. पोरीनं भोकाड पसरलं. आतून पुष्पावती धावत आली.

"दादा? रविवारी येनार हुता ना?"

"ह्यातलं कोन प्यालं?"

"कोन न्हाई."

"खरं सांग."

"खरंच कोन न्हाई प्यालं. आत्याबाईंनी हात लावू दिला न्हाई."

पुष्पावतीची सासू दगडाबाई दारात आली. उंच, कोरडी बाई, बोलणं धारेचं. "माहेरच्या भांड्यातलं पैलं पानी माहेरच्या मानसाला, ही आमच्या घरची रीत हाय, इवाई. तुमी रईवारी येनार म्हनून ठिवलंय भरून. कालचा टँकर. आलाय तर घ्या." आणि तिनं फडकं सोडून तांब्या बुडवला, त्याच्या पुढं धरला.

गल्लीतल्या चार बायका बघायला आल्या होत्या. लेकीच्या चेहऱ्यावर गेल्या दोन दिवसांचा मान अजून दिसत होता. कुणाच्या माहेरून एवढं मोठं भांडं आलं होतं? आसारामला वाटलं, घ्यावा तांब्या, प्यावं, आणि मग काय व्हायचं ते होऊ द्यावं. पण त्यानं तांब्या घेतला आणि खाली ठेवला.

"इहीनबाई, हे इख हाय," तो म्हणाला. "म्या आनलं. सायबानं पुरायला सांगितला हुता. म्या धुतला आन पोरीला धाडला. त्याचं सातवं पानी पिऊन पाखरं मेली."

एक बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "एवढं पानी सांडायचं?"

"सांडायचं. तेबी खड्ड्यात. वर माती."

खड्डा त्यानं स्वतः खणला, गावाबाहेर, गुरांच्या वाटेपासून लांब. जावयानं फावडं घेतलं. फडकं घट्ट बांधून दोघांनी ड्रम बैलगाडीतून नेला. पाणी खाली जायला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ आसाराम मान वर करू शकला नाही. मग पहारीनं ड्रमाला भोकं पाडली, आणि माती लोटली.

परत आला तेव्हा दगडाबाईनं नातीला न्हाऊ घातलं होतं, रांजणातलं उरलंसुरलं पाणी काढून. तिनं रांजणाच्या तळातला अर्धा तांब्या त्याच्यापुढं ठेवला.

"घ्या. गढूळ हाय, पर मरत न्हाई मानूस."

"तुमाला काय ऱ्हाईल?"

"तुमच्या लेकीच्या डोक्यावर चुंबळ हाय आजून," ती म्हणाली. मग जरा थांबून, "उद्यापास्नं दोन खेपा म्या करीन. लई टक्कल पडलं पोरीला. सांगत न्हाई ती."

पुष्पावती चुलीकडं तोंड करून बसली होती. वेशीपर्यंत पोचवायला आली तेव्हा एवढंच म्हणाली, "दादा, गावासमोर नसतं सांगितलं तरी चाललं असतं."

"दुसऱ्या कुनी ड्रम उकरून काढला असता, बाई."

गावी येऊन तो आधी आबासाहेबांकडे गेला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसत बसले. "शब्द मी दिला होता, आसाराम."

"मोडला म्या, सायेब. मीच सांगतो गावाला."

चावडीवर त्यानं सांगितलं. होल्यांचं, सातव्या पाण्याचं, नातीच्या बोटांचं. त्याला वाटलं होतं, लोक पट्टी बंद करा म्हणतील, त्याला काढा म्हणतील. पण लोक एकमेकांकडं बघू लागले. शेवटी साळूबाई उठली.

"पैल्या साली विमान आलं, तवा शेडमागनं दोन नेले हुते आमी," ती म्हणाली. "सांगू का नगं, असं चाललं हुतं."

मग मागून आणखी एक हात वर झाला. मग आणखी.

"पानी भरतीस का त्यात?" आसारामनं विचारलं.

"न्हाई रं. पत्र्याचा वास लई, म्हनून गोधड्या ठिवल्यात." साळूबाईनं पदर खोचला. "न्हे तुझे ड्रम. पर आधी मला गोधड्या ठिवायला जागा दाव कुठं ती."

आसारामनं हातातली पहार चावडीच्या भिंतीला टेकवली आणि गोधड्या उचलायला तिच्या मागं निघाला.