पारव्याच्या मानेचा रंग

डिझाइनच्या तिसऱ्या वर्षी आम्हाला एकच धातू वापरून दिवा बनवायचा होता. त्या धातूचं स्वतःचं सौंदर्य दिव्यात दिसायला हवं, एवढीच अट. मी स्टील घेतलं. ताथवड्याला आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगसाठी रांग असायची आणि रांगेत सगळ्यांशी बोलावं लागायचं. म्हणून मी चिखलीतल्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये जाऊ लागले.

तिथले चाचा कंपन्यांसाठी स्टीलच्या टाक्या आणि ट्रॉल्या बनवायचे. मी स्टुलावर बसून नुसती बघायची. वेल्डिंगची ठिणगी विझली की सांध्याच्या कडेनं रंग उमटायचे. आधी गव्हाच्या काडीचा पिवळा, मग जांभळा, मग निळा. उन्हात पारवा मान वळवतो तेव्हा दिसतो तसा. बाहेर ट्रक हॉर्न देत असायचे, पण मला ते सगळं पाण्याखालून ऐकू येत असल्यासारखं वाटायचं. मला दिव्यावर तोच रंग हवा होता.

दिवा बनवायला चाचांना दिलेल्या ड्रॉइंगवर मी मिलिमीटरपर्यंत मापं लिहिली. रंगाचं काही लिहिलं नाही. तो आपोआप येणारच होता.

परीक्षकांना दिवा दाखवायच्या आदल्या सकाळी मी गेले. चाचांनी तो मऊ कापडात गुंडाळून ठेवला होता. उलगडला, तर चारही बाजू आरशासारख्या लख्ख.

"सगळे डाग काढले, बेटा. दोनदा बफ मारला. एवढासा डाग दिसला तरी कंपनी माल परत पाठवते."

"छान झालाय," मी म्हणाले. मराठी माझ्या घरची भाषा नाही; बोलताना अडले की मी नेहमी असंच काहीतरी बोलून सुटते. दिवा घेऊन गेटपर्यंत आले. चकचकीत पत्र्यात माझाच चेहरा दिसत होता, बाकी काही नाही. मी परत फिरले.

"चाचा, मला ते डागच हवे होते."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि शेडच्या कोपऱ्यात काम करणाऱ्या ग्राइंडरवाल्या काकांना हाक मारली. "ऐकलं का भाऊ? जिंदगी गेली डाग काढण्यात, आता गिऱ्हाईक डाग मागतंय!"

"आधी बोलायचं ना ताई, चाचांचे हात तरी वाचले असते!" काका हसले आणि पुन्हा ग्राइंडर सुरू केला.

चाचांनी गॅसची टॉर्च पेटवली. "आच लावली की रंग पुढं पुढं जातो. तुला कुठला पाहिजे ते मला काय ठाऊक? तू सांग, मी आच काढतो. पण जोरात बोल, इथं ऐकू येत नाही."

पहिल्या बाजूवर पिवळा आला, जांभळा आला, निळा पसरू लागला. मी बघतच राहिले. तोंड उघडेपर्यंत निळा विरून राखाडी झाला.

"झोपली काय गं?"

दुसऱ्या बाजूला निळा कडेला पोहोचला आणि मी ओरडले, "बस!"

ग्राइंडरवाल्या काकांनी दचकून मशीन बंद केलं. आच बाजूला झाली होती. पारव्याची मान पत्र्यावर थांबली होती. उरलेल्या दोन्ही बाजूंना मी वेळेवर ओरडले.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी दिवा फिरवून पाहिला आणि विचारलं, "ही एकच बाजू राखाडी का?"

"तिथे मला बोलायला उशीर झाला," मी म्हणाले.